बारा मिलिमीटर

ओतियाने तीन महिने कागदावर घोकलं:
किती जीबी, किती वॅट, किती लारी.
लारी मी कमावते, म्हणून शेवटचा रकाना माझा.
बाकीचे दोन मला कळत नव्हते,
पण मुलगा झोपेत आकडे पुटपुटू लागला
की आईला विषय आपोआप कळतो.

नव्या कार्डाच्या किमतीत
मी अकरा ओव्हरकोटांची अस्तरं बदलते.
म्हणून रविवारी आम्ही कोरड्या पुलाच्या बाजारात,
फोटो काढणाऱ्यांची गर्दी संपते तिथून पुढे.
बेकनू बसला होता, वर स्वानेतीतून उतरलेला,
डोक्यावर नमद्याची राखाडी टोपी,
समोर ब्लँकेटवर सात ग्राफिक्स कार्डं
खवले काढलेल्या माशांसारखी.

ओतिया कानात म्हणाला, आई, ही खाणीतली आहेत.
मला वाटलं, कोळशाच्या.
बेकनू हसला नाही.
तळघरात दोन हिवाळे चालली, म्हणाला, रात्रंदिवस,
नाणी काढत. हातात न येणारी नाणी.
वर गावातले दिवे मिणमिणायचे,
शेजारच्या बाळाचं वाफेचं यंत्र मध्येच बंद पडायचं.
मग एक दिवस सगळ्यांना चर्चमध्ये उभं केलं,
संत गिओर्गीच्या चित्रावर हात ठेवून
बोला म्हणाले, आता पुरे.
"मी बोललो. घरी येऊन तार उपसली."
आणि बाकीचे?
त्याने टोपी सारखी केली.

जुना कोट कसा बघायचा ते मला माहीत आहे:
आतून. आधी काख, मग कॉलर, मग वास.
मी कार्ड उलटं केलं.
स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे, म्हणजे उसवून पुन्हा शिवलंय.
पंख्यांत धूळ नाही, म्हणजे पुसलंय;
लोकरीचा एक तंतू मात्र कोपऱ्यात राहून गेला होता.
हुंगलं. जळका नाही, नुसता तळघराचा वास.
"तिसरा पंखा कुरकुरतो," बेकनू आपणहून बोलला.
शपथ घेतल्यावर माणसाला ही खोड लागत असावी.
मी चाळीस लारी कमी केल्या.
माझी खोड मला.

घरी येऊन कळलं: कार्ड तीनशे दहा,
पेटीत जागा दोनशे अठ्ठ्याण्णव.
ओतिया पलंगावर बसला तो बसलाच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला सांगू नका.
तीस वर्षं मी लोकांची पोटं मापते आहे,
एकालाही म्हटलं नाही, घरी जा, बारीक होऊन या.
कापडात आत माया ठेवलेली असते,
ती शोधायची, उसवायची.

पत्र्याच्या पेटीत माया कुठली?
टॉर्च घेतला. पुढच्या बाजूला होती:
डिस्क ठेवायचा पिंजरा, रिकामाच, सहा रिव्हेटांवर.
खालचा आर्चिल ड्रिल घेऊन आला,
चहा मागितला, वाइन प्यायला,
चार रिव्हेट उडवले, दोघांनी फार छळलं.
कडा मी कानशीने घासल्या, वर निळी बायस पट्टी लावली.
पत्र्याला बायस! माझी आई असती तर मारली असती.

रात्री अकराला स्क्रीन उजळली.
ओतिया दुसऱ्याच कुठल्या डोंगरात घोडा पळवत होता,
गवताचं पातं न् पातं हलत होतं.
तिसरा पंखा कुरकुरला. पेटीमागून ऊब येऊ लागली,
मी ओलं अस्तर तिथेच वाळत घातलं.
घोडा खिंडीत शिरला, तिकडे बर्फ पडू लागला
आणि इकडे माझ्या शिवणयंत्राचा दिवा
क्षणभर मिणमिणला.

सुई कापडात होती. मी पाय उचलला.
वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ खोकलं, की खुर्ची सरकली.
ओतिया, थांब जरा, म्हटलं.
"का?"
काही नाही रे.
एवढी कॉलर होऊ दे.