मोराची मान

रात्री कधीतरी अपडेट आलं,
सकाळपासून संगणक एकच शब्द बोलतोय:
बटण. बटण. बटण.
काल याच ओळीत ‘पुढे’ होतं, ‘रद्द करा’ होतं,
पतपेढीच्या हप्त्यांचं ‘जमा करा’ होतं.
आज सगळ्यांची नावं गेली,
मतदार यादीतून उडावीत तशी.

मदतीच्या नंबरवर चाळीस मिनिटं सनई.
एका कानात ती,
दुसऱ्यात शेजारच्या मेरगूंचे चार लूम.
मग एक मुलगा, अगदी गोड:
“सर, स्क्रीनवर काय दिसतंय?”
म्हटलं, तेच विचारायला फोन केला की ओ.
तो हसला नाही. समोरचं पुढचं वाक्य वाचलं,
अकरा आकडी नंबर दिला.
नंबर मला अजून पाठ आहे.
तक्रार दुसऱ्या दिवशी ‘सोडवली’ म्हणून बंद.

मार्चच्या उन्हात कंपनीच आली सोलापुरात,
सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये.
बासष्ट जणांना टी-शर्ट, केळं, पाण्याची बाटली.
छातीवर काय छापलंय म्हणून बोट फिरवलं. सपाट.
रेवणसिद्धनं कुणाला तरी विचारून सांगितलं,
“सर्वांसाठी,” म्हणे.
भाषणं झाली. आमच्यामुळं कुणाकुणाला प्रेरणा मिळाली.
फोटोच्या वेळी म्हणाले, इकडं बघा.
आम्ही आवाजाकडं बघितलं.

हॉल रिकामा होताना एक जण मागं राहिली,
चाचणी विभागातली, मधुवंती नाव.
खुर्ची ओढली. “दाखवा मला.”
म्हटलं, आधी पडदा बंद करा.
तिनं केला.
तिसऱ्या बटणाला हरवली.
पाचव्याला तिच्या बांगड्या थांबल्या.

मग तिला नायनांचं सांगितलं.
नायना जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे,
मी शाळेतून आलो की माळ मांडीवर टाकायचे: वाच.
भोक म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे खाली.
मी बोटांनी पाकळ्या मोजायचो, देठ मोजायचो.
एकदा एक भोक राहिलं
आणि दोनशे चादरींवर मोराची मान मोडली.
त्या महिन्याची मजुरी नायनांनी घेतली नाही.
“एकच भोक?” तिनं विचारलं.
एकच.

तीन महिने काही नाही.
मग एका बुधवारी, पाचव्या दिवशीचं पाणी आलेलं,
आई तेलुगूतून नळाला शिव्या देत घागरी भरतेय,
वीज गेलेली, मेरगूंचे लूम गप,
आणि बॅटरीवरचा संगणक त्या शांततेत
बटण. बटण.
जमा करा.
बटण.

मागं गेलो. जमा करा.
परत एकदा.
आतून आई, “कोण बोलतंय रे? पाणी जाईल, ये.”
आलो, म्हटलं,
आणि उरलेल्या सतरा बटणांची यादी
मधुवंतीला लिहायला बसलो.