वाढलेली काच

आमच्या घरात काच फुटत नाही, वाढते.
सेलूच्या बाजारात माय तीस वर्षं बसली,
किती मनगटं भरली आणि किती बांगड्या वाढल्या
हिशेब नाही.
फुटली हा शब्द तिनं मला
शाळेच्या पाटीबद्दलसुद्धा काढू दिला नाही.

आता मी संभाजीनगरात, विद्यापीठाच्या टेकडीखाली,
पिवळ्या उजेडाच्या खोलीत काच कोरते.
केसाएवढी जाड काच.
बोटावर ठेवली तर आहे की नाही
ते गारव्यावरूनच कळतं.
आम्लासाठी हातमोज्यांवर हातमोजे,
फळीवर कॅल्शियमच्या मलमाची ट्यूब:
रोज बघायची, कधी उघडायला लागू नये.
मिनिटाला एखादा मायक्रॉन आम्ल काच खातं,
मी घड्याळ लावून बसते.
मग वरून दुसरी काच, आणि भट्टी रात्रभर सहाशेवर.
डिंक नाही, लाख नाही.
काचेला काच लागते.

पहिल्या चाळीस चिपांतल्या एकतीस गेल्या.
नोंदवहीत ‘कारण’ असा रकाना होता.
मी लिहिलं: वाढली. वाढली. थंड करताना वाढली.
तांबोळी सरांनी लाल शाईनं विचारलं,
किती मायक्रॉननं?

एक्केचाळिसावी टिकली.
मोतीबिंदूची पट्टी निघाल्यावर माय बघायला आली,
पदरावरून टोपी, पायात निळ्या पिशव्या.
पडद्यावर रक्ताच्या पेशी,
आठ मायक्रॉनच्या,
चार मायक्रॉनच्या तोंडाशी तुंबलेल्या.
नव्या डोळ्यानं तिनं बराच वेळ पाहिलं.
“हात आडवा घालायल्यात ह्या,” म्हणाली.
“अंगठा आत घ्यावा लागतो. साबण लावला का?”
साबण नाही माय, दुधातलं प्रथिन असतं,
भिंतीला चिकटू नयेत म्हणून.
“लावलं का मंग?”
लावलं होतं. सोमवारी.
त्या दिवशी गुरुवार होता.

तासाभरानं पुन्हा पंप सुरू केला.
आल्या. तोंडाशी लांबल्या, दुमडल्या,
पलीकडं निघाल्या गोल,
जसं काही झालंच नाही.
माय प्रत्येकीला बारीक आवाजात म्हणत होती,
ढिला सोड, ढिला सोड हात.

मग एक अडली.
विळ्यासारखी, टोकानं काचेला रुतून.
तिच्यामागं दुसरी.
दाब वाढवला असता तर गेली असती,
नाहीतर वाढली असती.
मी बटणावर बोट ठेवून बसले.

“कुणाचा हात हाय हा?”
नाव नसतं माय. नळीवर एवढंच:
किनवट, मुलगी, वय अकरा.
ती स्वतःच्या अंगठ्यानं आणि बोटानं
हवेत एक माप धरून बसली.
“अकराची, म्हंजी दोनची बसंल तिला,” म्हणाली.
“उगं ओढू नको.”