म्हणून

सोहारला रात्री आकाश पुरतं काळं होत नाही.
रिफायनरीच्या उंच नळीवर ज्वाला, धूर मात्र नाही.
जोगदंड सरांनी तर्काच्या तासाला शिकवलेला डोंगर
अजून पाठ आहे मला: धूर दिसतो, म्हणून आग आहे.
इथे आग रोज दिसते,
आणि धुराचं कुणी विचारत नाही.

टेबलावर अपघाताचा अहवाल. दीड पान.
मुबीन तांडेल, वय एकतीस, फिटर, मूळ गाव दाभोळ.
परातीच्या चौथ्या टप्प्यावरून पडला. मांडीचं हाड.
खाली सहीची जागा माझी.

मी पेन्सिल घेते, सवयीने आधी 'म्हणून' शोधते.
तो शेवटच्या ओळीत सापडतो,
कोळंबीच्या पाठीतल्या काळ्या दोऱ्यासारखा.
टोक धरून हळू ओढायचा,
मागून काय काय येतं ते बघायचं.

म्हणून दोष कामगाराचा.
का? त्याने पट्टा बांधला नव्हता.
खरं आहे. तोही नाकारत नाही.
आणि पट्टा न बांधणारा निष्काळजी असतो.
हे कुणी पाहिलेलं नाही, नियमावलीत छापलेलं आहे.
या दोन ओळींच्या मध्ये, कागदावर कुठेच नसलेलं,
ज्याच्यावर सगळा डोलारा उभा, ते एवढंच:
पट्टा होता.

गोदामाची चावी कुट्टप्पनकडे. वही त्याने न विचारता दिली.
त्या पाळीला माणसं चौदा, पट्टे अकरा,
दोघांच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या.
मागणीच्या रकान्यात: नग पाच.
पुढे निळ्या शाईत: पुढच्या महिन्यात बघू.

इस्पितळात मुबीनचा पाय टांगलेला.
"चूक माझीच ना, बाई? मी वर चढायलाच नको होतं."
त्यालासुद्धा पटलेला तो 'म्हणून'.
"नाही चढत म्हणाला असतास तर?"
"तर काय, दिवस कापला असता."
हेही अहवालात नव्हतं. मी लिहून घेतलं.

साहेब म्हणाले, "अहवाल दीड पानाचाच ठेवा, मॅडम."
मी 'म्हणून'भोवती गोल काढला,
समासात लिहिलं: कशावरून?
सही केली नाही.

फार काही केलं असं नाही.
मागच्या कपाटात गेल्या वर्षीचे सात अहवाल आहेत,
दीड-दीड पानांचे, सह्या माझ्याच.
ते मी अजून उघडलेले नाहीत.