नावाचा रकाना

छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी, बाल्टिमोरमध्ये.
पार्सल तोललं, तिकीट डकवलं
आणि येईल त्याला एकच विचारलं :
नाव? पत्ता?
आता शनिवारी चर्चच्या तळघरात बसतो.
समोर तसलाच काटा,
मागे भिंतीवर पालिकेचा कागद :
बंदूक आणा, किराण्याचं कार्ड न्या.
कोणी नाव विचारणार नाही.

जीभ वळवळते. सवय.

सकाळपासून आलं ते असं :
घोडा गंजलेलं एक रिव्हॉल्व्हर, कुणाच्या आजोबांचं.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली दुनळी.
एकानं तर खेळण्यातलंच आणलं, हसत हसत.
त्यालाही कॉफी दिली.
सार्जंट मॅकिल्वेन दाराशी टेकून म्हणतो,
"जे झाडतात ते इथे येत नाहीत."
खरं असेल.
गल्लीत नवे दिवे लागलेत,
नारिंगी जाकिटातली पोरं रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर
भांडणं विझवत फिरतात,
पालिकेच्या तक्त्यातली रेघ जराशी खाली आलीय.
जराशी म्हणजे कोण कोण, ते रेघ सांगत नाही.

अकराच्या सुमाराला जांभळ्या टोपीतली बाई आली.
पिशवीतून मक्याच्या पिठाचा पुडा काढला,
पुड्यात पिठाऐवजी काळं, नवं कोरं, तेल दिलेलं.
सार्जंट ताठ झाला.
त्यानं रिकामं केलं. अकरा गोळ्या,
टेबलावर एकेक उभी ठेवली.

"गादीखाली होतं. झोपलाय अजून तो.
उठायच्या आत घरी पोचायचंय मला."

मी कार्ड पुढे केलं. तिनं हात लावला नाही.
"लिही," म्हणाली, "थॅडियस. एकोणीस पूर्ण."
"बाई, नावाचा रकानाच नाही."
"म्हणून तर सांगतेय.
शाळेच्या यादीतून त्याला काढला,
कोर्टाच्या यादीत घातला.
उरली एक यादी,
ती दर जानेवारीत वर वाचतात, मेणबत्त्या लावून.
एखाद्या अशा यादीत असू दे की माझा पोरगा
जिथे काहीच झालं नाही."

नियम तो नियम.
फॉर्मवर लिहिलं : पिस्तूल, नऊ मिलिमीटर, चालू स्थितीत.
सार्जंट खिडकीबाहेर बघत राहिला, बराच वेळ.
त्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात.

मग डाव्या तळव्यावर, बॉलपेननं,
रजिस्टर पत्रावर लिहायचो तसं ठळक लिहिलं
थॅडियस.
पत्ता नाही विचारला.
तिनं माझा हात धरून वाचलं.
"एक अक्षर चुकलंय," म्हणाली.
मी दुरुस्त केलं.
तिनं कार्ड घेतलं, पिठाचा रिकामा पुडाही मागून घेतला,
आणि जिना चढताना दोनदा थांबली. गुडघे असावेत.

दुपारी आणखी सात आल्या. दोन चालू, पाच भंगार.

रात्री घरी भांडी घासली,
एकाच हातानं.