सहा ठिपके

मंगळवेढ्याहून भोपळ्यांचा ट्रक आला मिरजेत,
आणि पाचट झटकताना
त्यातून एक काळा निघाला,
थेट दुकानात शिरला, गिऱ्हाइकासारखा.

झुरळ आहे, म्हणत मुनीरनं चप्पल काढली.
शेजारचा तारवाला म्हणाला, विंचवाचा भाऊ.
अर्शिया मात्र फरशीवर पालथी पडून मोजत होती:
पाय सहा. नांगी नाही.
पाठीवर पांढरे ठिपके, तेही सहा.
"आणि अब्बा, जबडा बघा,
तुमच्या तार तोडायच्या पकडीसारखा!"

मी उचलायला गेलो.
त्यानं मागच्या अंगानं धार मारली.
चटका बसला, आणि वास
सिरक्यात स्पिरिट ओतल्यासारखा.
तीस वर्षं लाखेनं रंगलेलं हे बोट
त्यानं एका फटक्यात
स्वतःच्या रंगाचं पॉलिश करून दिलं.

शाळेतल्या बाईंनी फोटो पाहून सांगितलं,
भुंगेरा आहे. शिकारी. उडत नाही.
तोंड जवळ नेऊ नका, डोळे सांभाळा,
आणि जिथला आहे तिथंच सोडा.

जिथला.
आता ते शेत कुठलं, बांध कुठला,
हे एकट्या बिरुदेव ड्रायव्हरला ठाऊक,
आणि तो उगवणार गुरुवारी.

तडकलेला एक भोपळा होता, अर्धा कापलेला.
त्यात दोन बोटं माती, कौलाचा तुकडा,
कापसाचा ओला बोळा, वर जाळी.
तंबोऱ्याच्या पोटात भाडेकरू ठेवला म्हणून
गल्लीभर हसले लोक.
अर्शिया मोरीतून जिवंत झुरळं आणायची चिमट्यात धरून.
तो आधी मिशांनी विचारायचा,
उत्तराची वाट मात्र बघायचा नाही.
सकाळी पंख तेवढे उरलेले असत,
हिशोबाला.

गल्ली निजली की मी जवारी काढायला बसतो.
तेव्हा भोपळ्यात नखं चालू लागायची.
खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र.
वाळला भोपळा, आवाज मोठा करणं हेच त्याचं काम,
त्याला काय, तार असो की पाय.
संगीत वगैरे म्हणणार नाही मी त्याला.
एक जीव वाट शोधत होता,
आणि माझी कानस नकळत
त्याच्या थांबण्यावर थांबू लागली होती.

मंगळवारी रात्री अर्शिया उठून बसली.
"भोपळ्याला कोपराच नाही अब्बा,
तो टेकणार कुठं?"

पिढ्यान् पिढ्या भोपळे कापतोय आम्ही.
हे कुणी विचारलं नव्हतं.

उठलो, कौल तिरकं रोवलं कडेला,
झाला एक कोपरा.
तो आत सरकला, गप्प झाला.
त्या रात्री जवारी काही जमली नाही मला.

गुरुवारी बिरुदेव हसला, एवढ्यासाठी?
मग क्लीनरला मागं बसवलं
आणि भोपळा शेजारच्या सीटवर ठेवला,
खाली टॉवेलची चुंबळ देऊन.

फोन आला नाही.
पुढच्या खेपेला भोपळा परत आला,
माती झाडलेला, पुसलेला.
आत नखांच्या बारीक रेघा, गोल गोल,
आणि एका जागी संपलेल्या.
मुनीर म्हणाला, पॉलिशपेपर मारू?
म्हटलं, राहू दे. तडकलेलाच आहे,
विकायचा थोडाच.

बाहेर ट्रक रिकामा होत होता.
अर्शिया नव्या पाचटात पालथी पडली होती,
ओढणीचं टोक तोंडात धरून.