न उघडलेली धार

जालन्यात लोखंडाला तोटा नाही.
रोलिंग मिलच्या मागच्या भिंतीला पाठ लावून
माझं दुकान.
काळा भुगा हवेतून उतरतो
आणि चहावर दुसरी साय धरतो.

अंबडचे वाजिद पटेल आले ते भर दुपारी,
हेल्मेट काखेत.
"शिकारीची सुरी पाहिजे. गंजायला नको."
म्हटलं, शिकार कशाची?
सशामागं धावलात तरी फॉरेस्टवाले दारात येतील.
ते हसले नाहीत.

मी पट्ट्या मांडल्या.

ही तीनशे चार, ताटवाट्यांची.
लोहचुंबक हिला ओळख देत नाही.
कितीही तापवा, पाणी द्या,
ही मऊ ती मऊच.
आहेरात यावं, मांडणीवर चमकावं, एवढाच हिचा जन्म.

ही चारशे वीस.
नाव ऐकून सगळे हसतात,
पण पोलाद इमानी आहे:
धार झटकन घेतं, झटकन सोडतं,
सांगून सोडतं.

आणि ही चारशे चाळीस सी.
ग्राइंडरला टेकवली की ठिणग्या आखूड, तांबूस,
कमानपाट्याचा असतो तसा फुलोरा नाही.
माझा बाप हिला पोलाद म्हणायलाच तयार नव्हता.
घिसाडी माणूस. गाडीवर भाता, गाडीवर संसार.
त्याची सुरी लिंबू कापून तशीच ठेवली
तर सकाळी काळीनिळी.
"पुसत जा,"
एवढीच त्याची गॅरंटी.

वाजिदभाईंनी तीनशे चारवर बोट ठेवलं.
"हीच करा. आणि धार नको."

मी ग्राइंडर बंद केला.
बाहेर सळयांचा ट्रक बराच वेळ मागं-पुढं होत राहिला.

मग त्यांनी सांगितलं.
अब्बा चौऱ्याऐंशीचे.
पोरवयात शिकाऱ्यांबरोबर डोंगरात जायचे, सोलायला.
बंदूक कधी हातात आली नाही,
सुरी मात्र त्यांचीच.
आता रात्री दोनला उठतात,
पलंगाखाली बूट चाचपतात,
म्हणतात, जीप निकल गई,
मेरी छुरी किधर है?
खरी सुरी पेटीत, पेटीला कुलूप.
एकदा भाताचा डाव दिला हातात.
"तर माझ्याकडं असं बघितलं,
असं बघितलं की..."
पुढचं त्यांनी हेल्मेटच्या काचेवर पुसून टाकलं.

मी म्हटलं, तीनशे चारची दिली
तर ते पातं अंगठ्याच्या नखावर टेकवतील.
सोलणाऱ्याला नख सांगतं.
तुम्ही पुन्हा डावच द्याल,
फक्त महाग.

चारशे चाळीसचीच केली.
भट्टी एक हजार पन्नासवर, मग तेलात,
मग दोनशेवर दोनदा निववली.
बाभळीची मूठ, थोडी जाड,
थरथरत्या हाताला पुरेल अशी.
टिचकी मारली तर वाजली.
कडा मात्र तशीच ठेवली, बोथट,
आणि सोबत एक दगड दिला, दुधनेच्या पात्रातला.
हे पोलाद अशा दगडाला दाद देत नाही.
हे मला माहीत होतं.
म्हणूनच दिला.

आठवड्यानं फोन.
अब्बांनी नखावर टेकवली म्हणे,
आणि शिवी दिली, दखनीत, माझ्या नावानं:
पाणी चांगलं दिलंय हरामखोरानं,
धार लावायचं विसरला.
तेव्हापासून ओट्यावर बसून पाजवतात.
सकाळी, जेवल्यावर, असरपर्यंत.
थुंकी लावतात दगडाला.
रात्री झोपतात.
बूट पलंगाखाली तसेच.

मी पैसे कमी घेतले होते त्याचं
जरा बरं वाटलं.

काल पुन्हा फोन आला.
वाजिदभाई आधी नुसतेच गप्प.
मग म्हणाले,
"आज त्यांनी कागद कापला."

कसा, विचारलं.
फाटत?

"नाही.
सरळ."