साठ, तीस, दहा

रंगाच्या दुकानातली बोगुमिला म्हणाली,
साठ भाग भिंती, तीस भाग पडदे-गालिचा,
उरलेले दहा उशीला, दिव्याला,
जे डोळ्यात भरायला हवं त्याला.
एवढं जमलं की खोली जमते.
पोलंडहून आली तेव्हा तिला आमच्यात
धड 'मीठ' म्हणता येत नव्हतं,
आता माझ्या भिंतींचा हिशेब मांडते.

घरी येऊन मी एयोल्फुरला सांगितलं.
तो बूट काढत होता. म्हणाला,
मग आपल्यात साठ कोण?

प्रश्न तसा सोपा होता.
एकतीस वर्षं तो ट्रॉलरवर,
महिन्याचे तीन आठवडे समुद्राचे, एक माझा,
त्यातलेही दोन दिवस नुसते झोपेचे.
या खोलीत तो खरं तर दहासुद्धा नव्हता.
दारामागचा नारिंगी मेणकापडी कोट,
उशाशी चष्म्याचं घर,
पलंगाची डावी बाजू, जिच्यावर मी
कपड्यांच्या घड्या ठेवायचे.
भिंती मी एकटीनंच रंगवलेल्या, फिक्या जांभळ्या,
कुणाला न विचारता. विचारणार कुणाला,
वायरलेसवरून?

नोव्हेंबरात तो कायमचा उतरला. गुडघे गेले.
आता रोज रात्री डावीकडे एक माणूस असतो
आणि म्हणतो, जांभळ्यात मला झोप लागत नाही.

निळा नको, हे त्यानं आधीच बजावलं.
निळा पुष्कळ पाहून झाला.
राखाडी नको, हे मी.
राखाडी खिडकीतून फुकट मिळतो.
पांढऱ्यावर जवळजवळ एकमत झालं होतं,
पण बोगुमिलाच्या पुस्तकात पांढरे बेचाळीस:
सायीचा, लोकरीचा, अंड्याच्या टरफलाचा,
आणि एक 'शांतता' नावाचा, जो मला
दवाखान्यातून पळून आल्यासारखा वाटला.
जोड्या लावून पाहिल्या. शेवाळी भिंतीला मोहरी पडदे.
मोहरीला विटकरी गालिचा.
विटकरीशेजारी आईनं विणलेला पलंगपोस नाक मुरडतो,
आणि पलंगपोस जाणार नाही, हे ठरलेलं,
म्हणून परत भिंतीपासून सुरुवात.
दोघांचं पटवावं तर तिसरा रुसून बसतो.

सतरा चिठ्ठ्या चिकटवल्या भिंतीवर.
पण डिसेंबरात ईसाफ्योर्दुरला रंग कळत नाहीत.
सूर्य डोंगरामागे जातो तो जानेवारी सरता सरता उगवतो,
तोवर सगळा कारभार बल्बचा.
बल्बखाली शेवाळी तपकिरी होतो,
तपकिरी कशाचाच होत नाही.
आम्ही भांडलो. त्याच्या खोकल्यावरून, माझ्या रेडिओवरून,
रात्री खिडकी किती बोटं उघडी, यावरून.
सोयीसाठी म्हणायचं, रंगावरून.

पंचवीस जानेवारीला गावात घरोघरी पॅनकेक.
सूर्य दिसला की कॉफी ठेवायची, ही इथली रीत.
ढग नव्हते, हेच नवल.
तव्यापाशी एयोल्फुर होता. मी वरून ओरडले, आला!
तो कालथा हातात घेऊनच जिना चढला,
गुडघे खाली विसरून.

डोंगराच्या खांद्यावरून उजेड आला,
भिंतीवर टेबलाएवढा चौकोन.
सतरापैकी चारच चिठ्ठ्या त्यात बसल्या.
चारही ठीक. म्हणजे ठीकच.
मग चौकोन सरकला, जिथे पोपडा निघालाय तिथे:
माझ्या जांभळ्याखाली कुणाचा तरी पिवळा,
शिळ्या लोण्यासारखा, कडेला थोडा हिरवट.
एयोल्फुरनं नख लावलं. एक टवका तळहातावर पडला.
हा कुणाचा?
आपल्या आधीचे. पोस्टातला थोरलाकुर आणि त्याची बायको.
भांडली असतील?
असतीलच की.

सहा-सात मिनिटांत उजेड गेला.
खाली एक पॅनकेक जळून कोळसा.

सोमवारी टवका रुमालात बांधून
तो एकटाच बोगुमिलाकडे गेला.
काय बोलले दोघं, माहीत नाही.
दोन डबे घेऊन आला, झाकणांवर अंगठ्याएवढा पिवळा ठिपका.
पडदे तू ठरव, म्हणाला,
दहाचं नंतर बघू.

दारामागचा नारिंगी कोट
मी अजून काढलेला नाही.